अठरा वर्षं झाली, आता पुरे की!

पत्र असं आहे :

‘ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची सून. माहेर निपाणीकडचं. आमचे हे २००७ साली कोस्ट गार्डमध्ये नाविक म्हणून लागले, आता प्रधान नाविक आहेत. लग्नाला तेरा वर्षं झाली. तेवढ्यात मंगळूर, पारादीप, रत्नागिरी आणि आता पोरबंदर असे चार संसार मांडले आणि मोडले. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. मी बी.एड. आहे. तीन शाळांत नोकरी धरली, तिन्ही बदलीपायी सुटल्या. ह्यांच्या छातीवर नऊ वर्षांच्या सेवेचं पदक आहे, माझ्या हातात मुलांचे टीसी.

आता अधिकारी म्हणून बढती जवळ आलीय. म्हणजे पुन्हा जहाज, बहुतेक अंदमानला. इकडे सासूबाईंना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. मामंजी सत्तरीचे. चार एकर भात-ऊस एकट्या भावजींवर. भावजी म्हणतात, गावातले बाकीचे सतरा-अठरा वर्षांत पेन्शन घेऊन आले, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, दुसरा पगार चालू झाला. अठरा वर्षं झाली, आता पुरे की! दादालाच समुद्रात काय सोनं लागलंय? ह्यांना विचारलं तर “बघू” म्हणतात आणि सेलिंगला जातात. तेरा वर्षांत गणपतीला दोनदाच घरी होते. नोकरी सोडून बेळगावात दुकान टाकावं, की मी मुलांना घेऊन गावी यावं, की परत पेट्या बांधाव्या? मला स्वतःला काय हवंय तेच कळेनासं झालंय.’

तुला ‘तू’च म्हणते. माझी थोरली लेक तुझ्या वयाची आहे, आणि आमचेही ‘हे’ कोस्ट गार्डमध्येच होते. १९८३ साली लागले आणि प्रधान अधिकारी होऊन बाहेर पडले. त्यामुळे तुझ्या पत्रातला ‘बघू’ वाचून मला हसू आलं. तो शब्द आमच्या घरात तीस वर्षं नांदला. त्याचा अर्थ ‘मला बोलायचं नाही’ असा नसतो. पुढचं जहाज कुठलं, बंदर कुठलं, हे त्यांच्या हातात नसतं. मग माणूस घरातल्या गोष्टीही आपल्या हातात नाहीत असं धरून चालतो. हे बरोबर नाही, पण असं होतं.

आधी भावजींचा हिशेब बघू. तो मनाने वाईट नाही, पण चुकलेला आहे, आणि तुमच्या घरातलं निम्मं भांडण त्या चुकीवर उभं आहे.

आपल्या बेळगावकडच्या घरांच्या भिंतीवर पलटणीचं कॅलेंडर लटकलेलं असतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, गल्लीत दोन घरं सोडून एक फौजी. पोरगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती व्हायचा, पंधरा वर्षं भरली की पेन्शनला पात्र, सतरा-अठराला ट्रंक घेऊन घरी. वय पस्तीस-सदतीस. मग माजी सैनिकाच्या कोट्यातून बँक, टपाल नाहीतर एखादं सरकारी ऑफिस. दोन पिढ्यांनी हेच पाहिलं. खरं तर २०२२ च्या अग्निपथनंतर पलटणीचंही ते कॅलेंडर राहिलं नाही, पण मामंजींच्या डोक्यात जुनंच आहे.

तुझ्या यजमानांचं खातं वेगळं. कोस्ट गार्ड संरक्षण मंत्रालयाखालीच येतं, वर्दी आहे, शिस्त आहे, बंदूक आहे, पण ते ना पलटण ना नेव्ही. १ फेब्रुवारी १९७७ ला ते सुरू झालं आणि १९७८ साली त्याचा वेगळा कायदा झाला. अग्निवीरही तिथं नाही. ही नोकरी पन्नाशी ओलांडेपर्यंत चालायची म्हणूनच आखलेली आहे. नोकरीच्या अठराव्या वर्षी सोडणं म्हणजे निवृत्ती नव्हे, अर्ध्या वाटेत उतरणं. आणि अर्ध्या वाटेत उतरणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

आमच्या ह्यांना जुनी पेन्शन आहे. तुझे यजमान २००४ नंतरचे, म्हणजे अंशदायी पेन्शनवाले. दर महिन्याला त्यांचा वाटा कापला जातो, सरकार आपला घालतं, आणि साठेल त्यावर पुढचं ठरतं. मुदत भरून बाहेर पडलं तर साठलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्के अॅन्युइटीत, म्हणजे पुढं ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत, घालायचे, बाकीचे हातात येतात. मुदतीआधी सोडलं तर किमान ८० टक्के अॅन्युइटीत अडकतात आणि हातात येतो पाचवा हिस्सा. त्या पाचव्या हिश्शात बेळगावात दुकान टाकायचं म्हणजे गाळ्याच्या डिपॉझिटलाच तो संपेल. तुझ्या यजमानांना पे ऑफिसातून आजच्या तारखेचा आकडा लिहून आणायला सांग, आणि भावजींशी बोलशील तेव्हा तो कागद पुढ्यात ठेव. तोंडी सांगितलेलं घरात कुणी ऐकत नाही.

बँकेच्या दारातल्या बंदुकीचंही तसंच. सरकारी नियमात ‘माजी सैनिक’ म्हणजे लष्कर, नौदल आणि हवाई दल यांत सेवा केलेला. कोस्ट गार्ड त्या व्याख्येत बसत नाही. पूर्ण सेवा करून निवृत्त झाल्यावर ईसीएचएस या आरोग्य योजनेतल्या दवाखान्याची सोय मिळते, ती मोठी गोष्ट आहे, पण माजी सैनिकाच्या राखीव जागा मिळत नाहीत. आमच्या गल्लीतला एक पोरगा हे न विचारता नोकरी सोडून आला आणि मग वर्षभर फॉर्म भरत बसला. वर्दी सारखी दिसते म्हणून लोकांना वाटतं की सगळं सारखंच असतं.

तेव्हा दुकानाचा विषय माझ्यापुरता संपला. दुकान वाईट नाही, पण ज्या माणसाने अठरा वर्षं गिऱ्हाईक बघितलं नाही त्याने चाळिशीत उसनवारीच्या वहीपुढे बसावं, हे मला पटत नाही.

आता बढतीचं. तुझ्या पत्रात ती संकटासारखी आलीय, म्हणून थोडं सांगते. नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक, मग अधिकारी, उत्तम अधिकारी आणि शेवटी प्रधान अधिकारी. नाविकाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, प्रधान अधिकाऱ्याचं ४७,६०० पासून, भत्ते वेगळे. मधली प्रत्येक पायरी कोर्स, समुद्रावरची सेवा, वर्षाचे शेरे आणि मेडिकल यांतून जाते. तुझे यजमान अर्धा जिना चढलेत. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी रांग पुन्हा तिथूनच सुरू होईल याची खात्री नाही. बढती घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

(अधिकारी या शब्दाची गंमत मात्र लक्षात ठेव. आमच्या ह्यांना ती बढती मिळाली तेव्हा यळ्ळूरकडच्या आमच्या गावात सत्काराचा फलक लागला आणि मामंजींना तहसीलदाराएवढा मान आला. हे तीन दिवस प्रत्येकाला समजावत होते, की आमच्यात अधिकारी म्हणजे ऑफिसर नव्हे. ऑफिसरची रांग असिस्टंट कमांडंटपासून सुरू होते. कुणी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी एक बाई मुलाच्या नोकरीचा अर्ज घेऊन आल्या.)

पण बढती त्यांनी घ्यावी याचा अर्थ तू पाचवा संसार मांडावास असा होत नाही. घरात सगळे एकच प्रश्न विचारताहेत, नोकरी ठेवायची की सोडायची. माझ्या मते प्रश्न वेगळा आहे : पुढच्या जहाजाच्या काळात घर कुठं लावायचं? तुमच्या बदल्या बघता हा काळ तीनेक वर्षांचा. तेवढ्यात मुलगी दहावीला येते, मुलगा प्राथमिक शाळा संपवतो, सासूबाईंचं ऑपरेशन होऊन त्या पुन्हा चालू लागतात. तीन वर्षांचंच ठरव. आयुष्याचं ठरवायला बसलीस तर काहीच ठरणार नाही.

मी असते तर घर बेळगाव शहरात लावलं असतं. गावात नाही, शहरात. कारण सांगते.

गावी राहिलीस तर आठ दिवसांत तू भावजींच्या हाताखालची आणि सासूबाईंच्या उशाशी बसणारी होशील. बी.एड. कपाटात जाईल. शहरात भाड्याची दोन खोल्यांची जागा घेतलीस तर खानापूर रेल्वेनेही जवळ, बसनेही जवळ. शनिवारी जा, रविवारी ये. सासूबाईंना ऑपरेशनच्या वेळी तूच आपल्याकडे आण. दवाखाने तिथंच आहेत, आणि सेवा करायचीच तर ती आपल्या घरात करणं सोपं जातं. आई-वडील यजमानांवर अवलंबित म्हणून नोंदलेले आहेत का, ते आधी तपास. नोंद असेल तर उपचाराची सोय दलाकडून होते. त्याला उत्पन्नाची अट असते, त्यामुळे ऊसबिल कुणाच्या नावावर निघतं इथपासून कागद बघावे लागतील. हे काम ऑपरेशनची तारीख ठरल्यावर काढायचं नाही, आत्ताच काढायचं.

मुलांना केंद्रीय विद्यालयात घाल. पोरबंदरला त्यातच असतील तर बदलीच्या आधारावर प्रवेश सोपा जातो आणि पुस्तकं तीच राहतात. राज्य बोर्डात घातलंस तर कन्नड आलीच. लहानपणापासून शिकलेल्या मुलांना तिचं काही वाटत नाही, पण मुलीने आठवीत पहिल्यांदा पाटी हातात घेणं जड. बोलायला मात्र सगळ्यांनी शिका. दवाखान्यात, तलाठ्याकडे, बसमध्ये चार वाक्यं आली की कामं अडत नाहीत. निपाणीच्या मुलीला हे मी सांगायला नको. आणि केंद्रीय विद्यालयं दरवर्षी कंत्राटी शिक्षक मुलाखतीने घेतात, शाळेचं वर्ष सुरू व्हायच्या आधी जाहिरात येते. तुझ्यासाठी ते दार ठोठावण्यासारखं आहे. कंत्राटी असलं तरी अनुभवाचं पत्र मिळतं, आणि सलग तीन वर्षांचं असं एक पत्र तुझ्या फायलीत आजवर नाही.

आता याची किंमत. ती लपवली तर मी तुला फसवल्यासारखं होईल.

२००३ साली मुलाच्या दहावीसाठी मी बेळगावात राहिले आणि हे जहाजावर गेले. पहिलं वर्ष वाईट गेलं. क्वार्टर्समध्ये असताना शेजारणीचा नवराही सेलिंगलाच असायचा. तिला काही सांगावं लागत नसे. रात्री मुलाला ताप आला की दार वाजवायचं, बस. इथं गल्लीतल्या बायका विचारायच्या, ‘तुमचे मिस्टर कधी दिसत नाहीत?’ त्या विचारण्यातला सूर तुला कळेल. आणि हे सुट्टीवर आले की पाहुण्यासारखे. पहिले दोन दिवस मुलं कौतुकाने भोवती, तिसऱ्या दिवशी ह्यांनी घराचं जहाज करायला घेतलं. सकाळी सहाला उठवायचं, पांघरुणाची घडी कडक हवी, चपला एका रांगेत. मुलगा म्हणाला, ‘बाबा परत कधी जाणार?’ ते स्वयंपाकघरात येऊन गप्प उभे राहिले. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले. आम्हाला दोघांनाही त्या वेळी बोलायचं सुचलं नाही. नंतर आम्ही ठरवलं, की सुट्टीचे पहिले पाच दिवस त्यांनी घरातलं काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. कुठला डबा कुठं, कोण किती वाजता अभ्यासाला बसतं. सहाव्या दिवसापासून बोलायचं. ते बरं चाललं. तुम्हीही असं काही ठरवा; पाचच दिवस असं नाही.

गणपतीचंही सांगते, कारण तू ते शेवटी एका ओळीत लिहिलंयस आणि मला वाटतं खरा काटा तोच आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टात होड्या पुन्हा सुटतात, समुद्र अजून खवळलेलाच, आणि मदतीचे कॉल यायला लागतात. १५५४ वर फोन लागला की होडी कुणाचीही असो, जहाजाला निघावं लागतं. गणपती नेमके त्याच दिवसांत. ह्यात तुझ्या यजमानांचा नाकर्तेपणा नाही. पण त्यांनी तुला हे कधी असं सांगितलं का? आमच्या ह्यांनी मला सांगितलं ते निवृत्तीनंतर. मी म्हटलं, हे तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी तीस वर्षं मोदक रागाने केले नसते!

गावालाही कुणी सांगत नाही. जुलै २०२४ आठवतो? अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळली, सगळ्या बातम्या तिकडच्या. त्याच आठवड्यात कारवारच्या समुद्रात ‘मर्स्क फ्रँकफर्ट’ नावाच्या मालवाहू जहाजाला आग लागली होती, पोटात धोकादायक माल. भर पावसाळ्यात कोस्ट गार्डची जहाजं कित्येक दिवस तिच्याभोवती पाणी मारत फिरत होती. कारवार म्हणजे आपल्या घाटाखालीच की. तरी गावात कुणाला विचारलं तर म्हणतील, ‘कोस्ट गार्ड? म्हणजे बंदरावर वॉचमन का?’ मामंजींना आपला मुलगा काय करतो ते माहीत नाही, म्हणून ते शेजारच्या मुलाशी तुलना करतात. रात्री बारा ते चारची वॉच म्हणजे काय, हे तुझ्या यजमानांनी एकदा वडिलांजवळ बसून सांगावं. उसाला रात्रीची लाईट आली की पाणी पाजायला उठणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल.

भावजींबद्दल एक सांगू? त्यांचा राग पेन्शनचा नाहीच. अठरा वर्षं दादा बाहेर आणि भावजींनी आई-वडील, शेत, लग्नकार्यं, दहावे-बारावे सगळं एकट्याने उचललं. आमच्याकडे १९९६ साली मामंजी गेले तेव्हा आम्ही चेन्नईला होतो आणि हे रामेश्वरकडच्या गस्तीवर. तार आली, निरोप जहाजावर पोचला, हे घरी आले पाचव्या दिवशी. अग्नी धाकट्या दिरांनी दिला. लोकांनी दिरांच्या खांद्यावर हात ठेवले आणि आमच्या ह्यांच्याकडे बोटं दाखवली, आणि दोन्ही भावांना ते लागलं. पुढं कितीतरी वर्षं आम्ही पैसे पाठवत राहिलो. पैसे म्हणजे हिशेब मिटला असं वाटायचं. तो मिटला कधी, तर ह्यांनी एक वर्ष गणपतीची सुट्टी न मागता सुगीची मागितली आणि बारा दिवस भावाबरोबर खळ्यावर राहिले. वर्षाला ४५ दिवस अर्जित रजा असते आणि ८ किरकोळ. गणपतीला मिळेल न मिळेल, पण भात काढणीच्या वेळी मिळायला हरकत नसते. तुझ्या यजमानांना तेवढं सुचव. आणि शेतावर एक कायमचा गडी ठेवायचा खर्च तुम्ही उचला, ‘मदत’ असा शब्द न वापरता.

राहिलं अंदमान. ते ‘बहुतेक’ आहे, पक्कं नाही. घरची अडचण खरी असेल तर ती सांगायची जागा जहाजावर असते. डिव्हिजनल ऑफिसरकडे लेखी अर्ज, सोबत सासूबाईंचे डॉक्टरांचे कागद. बदलीचा हुकूम निघाल्यावर रडण्यापेक्षा आधी कागद पोचलेला बरा. आमच्या ह्यांना असं मागणं कमीपणाचं वाटायचं, तुझ्यांनाही वाटेल. अर्ज केला म्हणून गोवा किंवा कारवार मिळेलच असं नाही, आणि नाही मिळालं तर त्यांनी अंदमानला जावं, तू बेळगावात राहावंस. पण त्यापुढच्या किनाऱ्यावरच्या पोस्टिंगला त्यांनी गोव्यासाठी धडपडावं. वास्कोला गाडीत बसलं की लोंढ्यावरून खानापूर. पोरबंदरहून केरळाकडे जाणारी आठवड्याची गाडी धरून मडगावला उतरायचं आणि तिथून घाट चढायचा, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हे सगळं यजमानांशी फोनवर बोलू नकोस. रेंज जाते, मग राहिलेलं वाक्य पंधरा दिवस दोघांच्या डोक्यात फिरत राहतं. जहाज हार्बरला आलं की दुसऱ्या दिवशी बोल. पहिल्या दिवशी त्यांना नुसतं झोपू दे. ‘बघू’ म्हणाले तर कॅलेंडर पुढ्यात ठेव आणि तारीख विचार.

आणि तुझ्या बी.एड.च्या फाईलबद्दल. ती प्रत्येक बदलीत पेटीच्या तळाशी जाते, वर भांडी येतात. माझी तशीच जायची. या वेळी ती पेटीत घालूच नको. हातातल्या पिशवीत ठेव, टीसींच्या बरोबर.